भूमीतील चूल आणि मंडळीची पंगत

१८१९ सालच्या नोव्हेंबर महिन्यात प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर, कैलुआ नावाच्या समुद्रकाठच्या गावी, एक मेजवानी झाली. दोन मेजे मांडली होती. एक पुरुषांचे, दुसरे स्त्रियांचे. काही परदेशी पाहुणेही निमंत्रित होते. नुकताच गादीवर आलेला तरुण राजा लिहोलिहो थोडा वेळ दोन्ही मेजांभोवती घुटमळला, कोणास काय हवे नको ते पाहत असल्याचे त्याने दाखविले, आणि मग एकाएकी स्त्रियांच्या मेजावरील एका आसनावर बसून तो घाईघाईने जेवू लागला. जमलेल्या लोकांत प्रथम सन्नाटा पसरला. देवांचा कोप आता कोसळणार, राजा जागच्या जागी मरून पडणार, अशी अनेकांची खात्री होती. पण राजा जेवत राहिला, त्याला काही झाले नाही, आणि मग लोकांत एकच ओरड उठली की, बंधन तुटले. शेकडो वर्षे चालत आलेली एक धर्मव्यवस्था त्या दुपारी चार घासांत संपली.

हे बंधन काय होते, हे मराठी श्रोत्यास समजावून सांगण्यास फारसे कष्ट पडू नयेत. हवाईत त्यास 'कापू' म्हणत. कोणी कोणाच्या सावलीत उभे राहावे, राजापुढे कसे लोटांगण घालावे, कोणत्या ऋतूत कोणता मासा धरावा, या सर्वांचे नियम कापूत होते. परंतु त्याचा खरा कणा होता तो जेवणाचा. स्त्रीने पुरुषाबरोबर जेवावयाचे नाही. डुकराचे मांस, केळी, नारळ आणि काही मानाचे मासे स्त्रीने खावयाचे नाहीत. स्त्रियांचे आणि पुरुषांचे अन्न निरनिराळ्या चुलींत शिजवावयाचे. आणि आपल्याकडील रीतीच्या अगदी उलट गोष्ट अशी की, दोन्ही चुलींवर स्वयंपाक पुरुषच करीत. नियम मोडल्यास शिक्षा मरणाची. कापिओलानी नावाच्या एका सरदारकन्येची हकीकत सांगितली जाते. लहानपणी तिला केळी खाण्याची इच्छा झाली, एका पोराने ती चोरून आणून दिली, आणि ही गोष्ट उघडकीस आल्यावर ती राजकुळातील असल्याने तिचा जीव वाचला. त्या पोराचा मात्र गेला. सोवळ्याओवळ्याचा विचार मराठी घरांनी पुष्कळ केला, पण एका केळ्यापायी प्राण घेण्यापर्यंत मजल क्वचितच गेली असेल.

लिहोलिहो स्वतःच्या धाडसाने त्या मेजावर बसला, असे मात्र समजू नये. थोरला कामेहामेहा त्याच वर्षी ८ मे रोजी वारला होता. सर्व बेटे एका छत्राखाली आणणाऱ्या त्या राजाची लाडकी राणी काआहुमानू आणि लिहोलिहोची जन्मदात्री केओपूओलानी या दोघी बायकांनी हा बेत रचला होता. केओपूओलानीने तर आधीच आपल्या धाकट्या मुलाबरोबर जेवून पहिले पाऊल टाकले होते. पुरुषांच्या पंक्तीत बसण्याचा हक्क स्त्रियांनी मिळविला तो राजवाड्यातून, आणि तोही कोणताही परका धर्मोपदेशक बेटांवर येण्यापूर्वी. मुख्य पुजारी हेवाहेवा याने स्वतःच देवळे आणि मूर्ती जाळण्यास पुढाकार घेतला. जुन्या देवांच्या बाजूने उभा राहिला तो राजाचा चुलतभाऊ केकुआओकालानी. त्याच वर्षअखेर कुआमोओच्या लाव्हाच्या माळावर लढाई झाली, त्यात तो पडला, आणि त्याच्या शेजारी लढत असलेली त्याची पत्नी मानोनो हीही पडली. स्त्रीला पुरुषाबरोबर जेवू देऊ नये या नियमासाठी नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून लढणारी आणि मरणारी ही स्त्री इतिहासात कोठे बसवावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

ही लढाई होत असता अमेरिकेतील बोस्टन बंदरातून निघालेले 'थॅडियस' नावाचे गलबत वाटेत होते. त्यावर हायरम बिंगॅम, एसा थर्स्टन आणि त्यांचे सहकारी मिशनरी होते. १८२० च्या मार्च-एप्रिलमध्ये ते बेटांवर पोहोचले तेव्हा मूर्तिपूजेशी झुंज देण्याची सर्व सिद्धता करून आलेल्या या मंडळींना कळले की, मूर्ती आधीच जळाल्या आहेत. येथे मराठी इतिहासाशी एक धागा जुळतो. ज्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने यांना पाठविले, त्याच बोर्डाने पाठविलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट त्यापूर्वी सात वर्षे, १८१३ च्या फेब्रुवारीत, मुंबईस पोहोचले होते. मराठी मुलुखातील अमेरिकन मिशनचा आरंभ तोच. १८३१ मध्ये अहमदनगरचे ठाणे आणि १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे पत्र, ही पुढची पावले. गॉर्डन हॉल १८२६ साली नाशिककडे प्रवासात असता पटकीने वारला. एकाच कचेरीच्या वहीत हवाई आणि महाराष्ट्र ही दोन खाती शेजारी शेजारी होती असे म्हटले तरी चालेल. परंतु दोन्ही ठिकाणी जेवणाच्या पानाची कथा मात्र अगदी निराळी घडली.

हवाईच्या पानात काय असे, ते आता पाहू. बेटांवर पहिल्या वस्तीस आलेल्या पॉलिनेशियन दर्यावर्दींनी आपल्या जोडनावांतून डुकरे, कोंबड्या, कुत्री, केळी, नारळ आणि अळकुड्या आणल्या. अळकुडी म्हणजे आपल्या अळवाचाच कंद, वनस्पती एकच. हवाई लोक तो कंद शिजवून, दगडी मुसळीने कुटून, पाणी घालून त्याचा 'पोई' नावाचा चिकट लगदा करतात, आणि तेच त्यांचे मुख्य अन्न. त्यांच्या पुराणकथेप्रमाणे आकाशपित्यास झालेले पहिले मूल मृत जन्मले. त्यास पुरले तेथे अळकुडीचे रोप उगवले, आणि मागाहून जन्मलेल्या जिवंत मुलापासून मानववंश निर्माण झाला. म्हणून अळकुडी ही माणसाची थोरली भावंड. पोईचे पात्र उघडे असता भांडू नये, रागाचा शब्द काढू नये, असा तेथे दंडक आहे. वडील भावासमोर तंडू नये हाच त्याचा अर्थ.

आणि अळवाच्या कोवळ्या पानास हवाई भाषेत म्हणतात 'लूआऊ'. ज्या मेजवानीच्या नावाने आज हवाई जगप्रसिद्ध झाली आहे, ते नाव या पानाचे आहे. जुन्या काळी अशा मेजवानीस दुसरी नावे होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केव्हातरी पानाचे नाव जेवणास चिकटले. अळूचे फदफदे नसेल तर लग्नाचे जेवण अपुरे मानणाऱ्या मराठी माणसास यात नवल वाटणार नाही. अळवाचे पान कच्चे राहिले तर घशास खाजते, म्हणून मराठी सुगरण त्यात चिंच घालते. हवाईची सुगरण ते तास न् तास शिजवून नारळाच्या दुधात घोटते. दोघींचा शत्रू एकच, त्या पानातील सुईसारखे बारीक स्फटिक.

परंतु या जेवणाचा नायक अळू नव्हे, डुक्कर होय. आणि ते शिजते ते भूमीच्या पोटात. या चुलीस 'इमू' म्हणतात. दोन-तीन फूट खोल, डुकराच्या आकाराला साजेल एवढा खड्डा खणतात. तळाशी सरपण रचून त्यावर दगड मांडतात. दगड कसलेही चालत नाहीत. ज्वालामुखीतून निघालेले, अंगाला छिद्रे असलेले, कोरडे दगडच हवेत. ओढ्यातील ओलसर गोटे तापले की आतल्या वाफेने फुटतात आणि त्यांचे तुकडे गोळीसारखे उडतात. सरपण बहुधा 'कियावे' या काटेरी झाडाचे. हे झाड मूळ बेटांवरचे नव्हे. १८२८ साली फादर बाशलो या कॅथलिक पाद्र्याने होनोलुलूच्या चर्चच्या आवारात त्याचे बी लावले, आणि आज बेटांवर दिसणारा कियावे त्या एका झाडाचा वंश समजला जातो. आपल्याकडे रस्त्याच्या कडेने आणि पडीक रानात माजलेली विलायती बाभूळ याच कियावेची चुलत बहीण.

तीन-चार तासांत लाकूड जळून जाते आणि दगड पांढुरके होतात. मग केळीचे सोट ठेचून, त्यांचे रसाळ पट्टे दगडांवर अंथरतात. वाफ त्यातून निघते, वेगळे पाणी घालावे लागत नाही. मीठ चोळलेल्या डुकराच्या पोकळीत तापलेले दगड भरून ते त्यावर ठेवतात, कारण बाहेरची आच आतपर्यंत पोहोचत नाही. भोवती रताळी, अळकुड्या आणि पानांत बांधलेल्या मासळीच्या पुरचुंड्या. वर 'ती' नावाच्या झाडाची आणि केळीची पाने, त्यावर ओली गोणपाटे, आणि सर्वांवर माती. कोठून वाफेची बारीक रेघ दिसली तर लगेच आणखी माती. मग रात्रभर वाट पाहावयाची. सकाळी माती ओढली की मांस हाडापासून आपोआप सुटलेले असते. सुरीची गरज लागत नाही. रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि कोंबडी भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात कोंबून 'पोपटी' लावतात, तिच्याशी इमूचे नाते जवळचे आहे. तेथेही पाण्याचा थेंब घालीत नाहीत, आणि तेथेही पोपटी एकट्यासाठी कोणी लावीत नाही. इमूचे तर गणितच असे आहे की, एवढे श्रम आणि एवढे मांस एका कुटुंबास झेपत नाही. चूल पेटविण्यापूर्वीच पंगत ठरलेली असावी लागते.

ही पंगत किती मोठी होऊ शके याचा एक लेखी पुरावा आहे. १८४३ साली लॉर्ड पॉलेट या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने बेटे बळकावली होती. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी ॲडमिरल थॉमस याने ती राजास परत केली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १८४७ मध्ये तिसऱ्या कामेहामेहाने नूउआनूच्या खोऱ्यात जे जेवण दिले त्याची यादी शिल्लक आहे. २७१ डुकरे, ६०२ कोंबड्या, पोईची ४८२ मोठी भांडी, अळकुडीचे ४,००० गड्डे, ३,१२५ खारे मासे. हा राजा ख्रिस्ती होता, त्याचे सरदार ख्रिस्ती होते, आणि पोवळ्याच्या सुमारे १४,००० चिऱ्यांनी बांधलेले कावायाहाओ चर्च होनोलुलूत पाच वर्षांपूर्वीच, १८४२ मध्ये, उघडले होते. मिशनऱ्यांना हवाई लोकांचे नृत्य पसंत नव्हते. काआहुमानूने बाप्तिस्मा घेतल्यावर १८३० मध्ये त्यावर जाहीर बंदीही आली. पण इमूस त्यांनी हात लावला नाही. बंदी घालण्यासारखे तेथे उरलेच काय होते? १८१९ च्या त्या दुपारीच इमूतील देव निघून गेले होते आणि मांस तेवढे राहिले होते. किंबहुना पूर्वी ज्या स्त्रियांना डुकराचा तुकडा वर्ज्य होता, त्याच आता चर्चच्या आवारात पाने मांडू लागल्या. केळ्यापायी एका पोराचा जीव गेल्याचे पाहिलेली ती कापिओलानी १८२४ साली किलाउएया ज्वालामुखीच्या तोंडाशी गेली, आणि तेथील देवीस आधी अर्पण न करता रानातील ओहेलो बोरे तिने खाल्ली. आपला नवा धर्म तिने सिद्ध केला तो याही वेळी खाऊनच.

पुढे लूआऊ हा हवाईतील ख्रिस्ती मंडळ्यांचा नेहमीचा समारंभ झाला. मुलाच्या पहिल्या वाढदिवसास लूआऊ, चर्चच्या वर्धापनदिनास लूआऊ, छप्पर गळू लागले तर निधीसाठी लूआऊ. ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर लाये नावाचे गाव आहे. तेथे १८६५ पासून मॉर्मन पंथाच्या लोकांची वसाहत आहे. त्यांचे उपासनामंदिर १९४० साली जळाले. मध्ये महायुद्ध आले. शेवटी १९४८ च्या जानेवारीत गावकऱ्यांनी असे केले की, समुद्रातील मोठे जाळे सर्वांनी मिळून ओढावयाचे, इमू लावावयाचा, नाचगाणे करावयाचे, आणि होनोलुलूच्या प्रवाशांकडून तिकिटाचे पैसे घेऊन मंदिर पुन्हा उभारावयाचे. कोणी मासे दिले, कोणी डुक्कर दिले, ज्यास काही देता आले नाही त्याने पाने वळली. समारंभ इतका रंगला की तो वारंवार होऊ लागला, आणि १९६३ मध्ये त्याच गावी पॉलिनेशियन संस्कृतीचे एक मोठे केंद्र उभे राहिले. मंडळीची पंगत प्रवाशांचा तमाशा केव्हा झाली, हे तेथील लोकांनाही नेमके सांगता यावयाचे नाही. आजच्या हॉटेलांतील लूआऊत पाहुण्यांसमोर इमू उघडून दाखवितात. त्या पाहुण्यांपैकी खड्डा खणावयास मात्र कोणी आलेला नसतो, आणि फरक आहे तो एवढाच, पण तो लहान नाही.

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात जेवणाचा प्रश्न नवा नाही. पहिल्या शतकातील पहिले मोठे भांडण पंगतीवरूनच झाले. मूळचे शिष्य यहुदी होते. डुक्कर त्यांच्या शास्त्राने निषिद्ध आणि परधर्मीयाच्या घरचे जेवण निषिद्ध. अंत्युखियात पेत्र हा विदेशी ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमेहून कडक मंडळी आली तसा तो पानावरून मागे सरला, आणि पौलाने त्यास सर्वांसमक्ष दोष दिला. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी येऊन पोटभर जेवत आणि मजूर येईपर्यंत काही उरत नसे; त्याबद्दलही पौलाचे खरमरीत पत्र आहे. मात्र याच पौलाने असेही लिहून ठेवले की, आपल्या मांस खाण्याने भावाच्या मनास ठेच लागत असेल तर मांस सोडावे. पंक्तीत बसण्याचा आग्रह आणि पानात काय वाढावे याविषयी सौम्यता, या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या. पुढच्या अनेक मिशनऱ्यांना तो भेद राखता आला नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न गुपचूप सुरू झाला. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस मंडळी स्थापन केली, तेव्हा नव्या सभासदास ख्रिस्ती मनुष्याने भाजलेला पाव खावा लागे. दारे लावून, दिवा मंद करून खाल्लेला तो पाव हीच त्या मंडळीची दीक्षा होती. १८६० मध्ये सभासदांची नावे असलेले कागद चोरीस गेले आणि सर्वांची अशी त्रेधा उडाली की मंडळीच बुडाली. जो घास कैलुआस राजाने भर मेजवानीत खाल्ला, तोच मुंबईच्या विद्वानांना पडद्याआड खावा लागला. पण राजाने बंधन मोडले तर त्यास बहिष्कृत करणार कोण? कारकुनास आणि शाळामास्तरास मात्र मुलीचे लग्न करावयाचे असते. दोघांच्या धैर्याची तुलना करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

पुण्याच्या पंचहौद मिशनातील चहा तर सर्वश्रुत आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी तेथे व्याख्यानास गेलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. कोणी प्याला, कोणी पेल्यास नुसते ओठ लावले, कोणी तसाच ठेवला. बोलावणे करण्यात ज्यांचा हात होता त्या गोपाळ विनायक जोशी यांनीच पुढे उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. मग ग्रामण्य, शंकराचार्यांकडे तक्रार, आणि दोन वर्षे चाललेली चौकशी. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये, मुख्यतः मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून, प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचे शब्द सोसले. एका पेल्याने हिंदुस्थानातील अतिशय बुद्धिमान माणसांना दोन वर्षे गुंतवून ठेवले, याचे आज हसू येते. पण तो पेला चर्चच्या घरातला होता आणि त्यामागे पंगतीचाच प्रश्न होता, हे जोशीबुवांनी बरोबर ओळखले होते. खोडसाळ माणसास समाजाची दुखरी जागा पुष्कळदा सुधारकाहून आधी कळते.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या तरी आपले सोवळे आणि आपली चूल त्यांनी निराळी ठेवली होती. ती निराळी चूल कशी हळूहळू विझली हे 'स्मृतिचित्रां'त त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे, आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. एका घरात दोन चुली ठेवून, नवऱ्याने घाई न करता, बायकोने मनाशी भांडत काढलेली ती वर्षे कैलुआच्या मेजवानीइतकीच मोलाची आहेत. त्यांचा गाजावाजा मात्र कोठे झाला नाही.

आता नागपूरकर भोसल्यांच्या जुन्या राज्याच्या पूर्व टोकास जावे. छत्तीसगड १७४१ मध्ये भोसल्यांच्या अमलाखाली आले, आणि १८५४ मध्ये ते राज्य खालसा होईपर्यंत मराठी अंमलदारांचा वावर रायपूर-रतनपुरात होता. याच मुलुखात गिरौदचे घासीदास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सतनाम पंथ चालविला. अस्पृश्य गणलेल्या चर्मकार समाजास त्यांनी सांगितले की, एका सत्यनामावाचून मूर्ती मानू नका, आणि मांस, मद्य, तंबाखू सोडा. ज्यांना कोणी आपल्या पंक्तीस घेत नव्हते त्यांनी आपले पान इतरांहून शुद्ध करून दाखविले. मान परत मिळविण्याची ही रीत हवाईच्या अगदी उलट आहे. तेथील राण्यांनी वर्ज्य मांस खाऊन मान मिळविला, येथील सतनाम्यांनी खात असलेले मांस टाकून.

१८६८ मध्ये ऑस्कर लोर हा जर्मन मिशनरी रायपूरकडे आला. त्याच्या पाठीशी अमेरिकेतील जर्मन लोकांची एक मिशन संस्था होती. त्याने जमीन घेऊन गाव वसविले आणि त्यास नाव दिले विश्रामपूर. एकच ईश्वर मानणारा आणि मूर्ती न मानणारा हा पंथ आपोआप आपल्याकडे येईल, अशी त्याची अपेक्षा होती. पहिल्याच बाप्तिस्म्यांच्या वेळी जानव्याचा प्रश्न निघाला. सतनामी जानवे घालीत. ते मोठ्या कष्टाने मिळविलेले होते. मिशनरीने ते उतरविण्यास सांगितले, आणि बातमी पसरताच येऊ लागलेले लोक पांगले. पुढे विश्रामपुरात मंडळी उभी राहिली, पण अपेक्षेहून फार सावकाश. चार बोटांच्या सुतात काय साठविलेले आहे ते लोरला कळले नाही. आणि त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर कळले असते, असेही खात्रीने सांगता येत नाही.

या मंडळ्यांची पंगत आजही भरते. शिवनाथ नदीच्या मदकू बेटावर १९०९ पासून दरवर्षी फेब्रुवारीत ख्रिस्ती मेळा होतो. गावोगावची कुटुंबे झाडांखाली मुक्काम करतात आणि तेथेच चुली मांडतात. रायपूरच्या उत्तर कडेस उरला ही लोखंड-पोलादाच्या कारखान्यांची वसाहत आहे. अनेक प्रांतांतून आलेले कामगार तेथे राहतात. अशा ठिकाणच्या मंडळीने हवाईसारखा इमू लावावयाचे मनात आणले, तर तो कसा लागेल? पहिली अडचण दगडाची. महाराष्ट्रातील काळा पाषाण हा हवाईच्या दगडासारखाच लाव्ह्याचा. रायपूरच्या पोटात मात्र चुनखडी आहे. चुनखडीचा दगड तांबडा होईपर्यंत तापविला की त्याची कळी होते, आणि केळीच्या सोटाचे पाणी लागले की ती भडकून फुटते. तेव्हा दगड बाहेरून आणावे लागतील, किंवा भाजलेल्या विटांवर भागवावे लागेल. केळीची पाने मिळतील. विलायती बाभळीस तोटा नाही. अळकुडीस छत्तीसगडी लोक कोचई म्हणतात, आणि तिच्या पानांना उडदाचे वाटण लावून, वळकटी उकडून ते 'इढर' नावाचे कालवण करतात. आळूवडी आणि लूआऊ या दोन्ही त्या पानाच्या मावसबहिणी.

दुसरी अडचण माणसांची. गोव्याच्या किंवा वसईच्या ख्रिस्ती घरात लग्नाच्या जेवणात डुकराच्या मांसास मान आहे. तेथून आलेले कुटुंब इमूभोवती आनंदाने बसेल. सतनामी आजोबाची नातवंडे बसतीलच असे नाही, आणि ज्या जेवणात त्यांना हात आखडता घ्यावा लागेल ते मंडळीचे जेवण कसे म्हणावे? त्यांच्या कोचया आणि रताळी मांसाच्या रसात भिजू नयेत, तर त्यांच्यासाठी निराळा खड्डा हवा. हवाईत दोन इमू हे कापूचे चिन्ह होते आणि ते मोडून पंगत एक झाली. उरल्यास मात्र पंगत एक व्हावयाची तर खड्डे दोन खणावे लागतील.

दोन्ही खड्ड्यांना वेळ निरनिराळा लागतो. डुकराचा खड्डा शनिवारी संध्याकाळी पेटवून रात्री बुजविला पाहिजे, म्हणजे रविवारची उपासना आटोपेपर्यंत मांस सुटते. कोचईस दोन-तीन तास पुरेत. तिची आग पहाटे लावली तरी चालते. रात्रपाळी करून कारखान्यातून येणारी माणसे त्या वेळेस परत येत असतात, आणि गरम दगड चिमट्याने हलविण्याची सवय त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणास असणार?